"चालतंय की!" म्हणणाऱ्यांसाठी

गेल्या आठवड्यात छावणीबाहेरच्या चौकात एका ई-रिक्षा मिस्त्रीच्या टपरीवर थांबलो होतो. सध्या पोस्टिंग गंगेच्या मैदानात आहे. या गावात माणसं जास्त की ई-रिक्षा, असा प्रश्न पडावा अशी परिस्थिती. एका रिक्षावाल्यानं अ‍ॅसिडच्या चार जुन्या बॅटऱ्या विकून नवी लिथियम बॅटरी बसवून घेतली होती. चार्जर मात्र जुनाच ठेवला होता. मिस्त्रीनं त्या चार्जरची पिन कापली, तारा दातानं सोलल्या, बॅटरीच्या तारांना पीळ दिला आणि वर काळी टेप गुंडाळली. काम पाच मिनिटांत संपलं.

मी विचारलं, "भैया, ये चार्जर लिथियम का है?"

त्यानं वरही न बघता उत्तर दिलं, "साहब, ये भी अड़तालीस वोल्ट, वो भी अड़तालीस वोल्ट। चल तो रहा है।"

वीस-बावीस वर्षांच्या नोकरीत हे वाक्य मी देशाच्या चारही टोकांना ऐकलंय. आपल्या मराठीत त्याला "चालतंय की" म्हणतात. आज मला या वाक्याशीच भांडायचंय. चालणं आणि सुरक्षित असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि लिथियमच्या बाबतीत त्यांच्यातलं अंतर फार महागात पडतं.

आधी त्या "अड़तालीस वोल्ट"चा हिशेब करू. अ‍ॅसिडच्या चार बॅटऱ्या एकापुढे एक जोडल्या की ४८ व्होल्ट म्हणतात. त्यांचा चार्जर सुमारे ५८-५९ व्होल्टपर्यंत चढतो. लिथियम आयर्न फॉस्फेटचा एक सेल पूर्ण भरतो ३.६५ व्होल्टला. असे १६ सेल असतील तर बॅटरी ५८.४ व्होल्टला भरते, १५ असतील तर ५४.७५ व्होल्टला. दुसऱ्या जातीचा, म्हणजे निकेल-मँगनीज-कोबाल्टचा सेल ४.२ व्होल्टला भरतो. त्याचे १३ सेल असले की ५४.६ व्होल्ट. या सगळ्या बॅटऱ्यांच्या अंगावर स्टिकर एकच: ४८ व्होल्ट. १५ सेलच्या बॅटरीला अ‍ॅसिडचा ५९ व्होल्टचा चार्जर लावला, तर प्रत्येक सेलच्या वाट्याला ३.९३ व्होल्ट येतात. तेही सगळे सेल अगदी सारखे असले तरच. एक जरी उन्नीस-बीस असला तरी त्याच्यावर याहून जास्त दाब येतो.

मग ती लगेच पेटते का? नाही. अडचण तिथेच आहे. ती चालते.

आपल्या तीन पिढ्या अ‍ॅसिडच्या बॅटरीवर शिकल्या. ती बॅटरी म्हणजे जुन्या वळणाची मावशी. जास्त चार्ज केलं की ती बुडबुडे सोडायची, वास यायचा, पाणी कमी व्हायचं, अंग गरम व्हायचं. आपण डिस्टिल्ड वॉटर ओतायचो आणि ती पुन्हा कामाला लागायची. तिनं आपल्या शेकडो चुका पोटात घातल्या आणि आपल्याला वाटलं, आपण हुशार आहोत. लिथियमच्या सेलमध्ये पाणी नसतं, असतो ज्वालाग्राही द्राव. चूक झाली तर तो कुरकुर करत नाही, आतल्या आत लक्षात ठेवतो. एखाद्या रात्री हिशेब चुकता करतो.

हे मी पुस्तकातून शिकलेलो नाही. लडाखमध्ये मेजर असताना माझ्या एका पोस्टवर शिकलोय. ठिकाण सांगणार नाही, गरजही नाही. पोस्टवर जनरेटर सकाळी दोन तास चालायचा. त्या दोन तासांत रेडिओच्या बॅटऱ्या, दिवे, सगळं चार्ज करून घ्यायचं. त्या वर्षी नवी लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी आली, १२.८ व्होल्ट, १०० अँपिअर-अवर. जुन्या अ‍ॅसिडच्या बॅटरीच्या निम्म्याहून कमी वजन. पाठीवर ओझी वाहणाऱ्या पोरांनी तिचं स्वागत केलं. तिच्यासोबत चार्जर मात्र आला नाही. जुना होताच.

थंडी वाढली तशी सकाळी बॅटरी चार्ज व्हायला नकार द्यायला लागली. आतलं बीएमएस, म्हणजे बॅटरीवर पहारा देणारं सर्किट, चार्जिंग बंद करायचं. कारण साधं होतं. शून्याखालच्या तापमानात हा सेल वीज देऊ शकतो, पण घेऊ शकत नाही. जबरदस्तीनं भरलं तर लिथियम आत शिरायच्या ऐवजी इलेक्ट्रोडवर धातूचा थर होऊन बसतं, त्याचे काटे वाढतात आणि कधीतरी आतल्या आत शॉर्ट होतं. बीएमएस आपलं काम चोख करत होतं. आम्हाला ते "नाटक करतंय" असं वाटलं.

कंपनीतला एक नाईक हाताचा कुशल होता. त्यानं डबा उघडला आणि चार्जरची मायनस तार बीएमएसच्या अलीकडे, थेट सेलवर जोडली. मला दाखवायला आणलं. "सर, आता चालतंय की!" आणि मी, खडकवासल्याहून निघालेला, परेड ग्राउंडवर रायफलची सुरक्षितता घोकलेला अधिकारी, म्हणालो, "शाब्बास."

सात आठवडे चाललं.

मग एका रात्री संत्र्याला उठवायला गेलेल्या पोराला झोपडीत गोडसर, नेलपॉलिशसारखा वास आला. एक सेल फुगून फुटला होता, पांढरा धूर येत होता. त्याच झोपडीत बुखारी पेटलेली आणि सात माणसं स्लीपिंग बॅगच्या चेनी गळ्यापर्यंत ओढून झोपलेली. तो धूर म्हणजे नुसता धूर नसतो, त्यात जळणारे आणि विषारी वायू असतात. पोरानं आरडाओरडा करून सगळ्यांना बाहेर काढलं. ज्या नाईकानं जोडणी केली होती त्यानंच डबा उचलून बर्फात फेकला. त्याच्या दोन्ही तळव्यांना फोड आले. कोणी गेलं नाही. ही माझी हुशारी नव्हती, त्या पोराचं नाक होतं.

चौकशीत मी माझं "शाब्बास" लिहून दिलं. पण ते कागदावर लिहिल्यानं पुसलं जात नाही. नाईकानं केलं ते हातानं केलं. मी केलं ते हुद्द्यानं केलं.

आता मला माहीत आहे, वाचणाऱ्यांपैकी काही जण म्हणतील, "कर्नलसाहेब, जुगाडाला नावं ठेवू नका. पोस्टवर जुगाडानंच जीव वाचतात." अगदी खरं. मीही आयुष्यभर जुगाडावर जगलोय. जेरीकॅनची अंघोळ, पत्र्याच्या डब्याचा ओव्हन, पॅराशूटच्या दोरीवर तोललेला तंबू. पण फरक बघा. जुगाड म्हणजे नसलेल्या वस्तूचं काम असलेल्या वस्तूकडून करून घेणं. पहारेकऱ्याला बांधून ठेवून फाटक उघडणं हा जुगाड नाही. आणि आम्ही त्या रात्री नेमकं तेच केलं होतं. खरा जुगाड करायचा असता तर बॅटरी रात्रभर माणसांच्या उबेत नाही, पण ब्लँकेटनं गुंडाळलेल्या खोक्यात ठेवून सकाळी जनरेटरच्या खोलीत अंशभर गरम होऊ दिली असती. डोकं लागलं असतं, बीएमएस शाबूत राहिलं असतं.

दुसरा आक्षेप उलट्या बाजूनं येतो: "मग हात लावूच नका, इंजिनिअरवर सोडा." हेही पटत नाही. इंजिनिअर पोस्टवर नसतो आणि रिक्षाच्या टपरीवरही नसतो. रायफल आपण प्रत्येक जवानाच्या हातात देतो, कारण ती हाताळायची कवायत त्याच्या अंगात भिनवतो. बॅटरीची कवायत का नाही? ती रायफलपेक्षा अवघड नाही.

पहिलं, ओळख पटवा. रसायन कोणतं, सेल किती. त्यावरून पूर्ण भरल्याचं व्होल्टेज काढा आणि चार्जरवर लिहिलेला आउटपुट तेवढाच आहे का बघा. चार आयर्न फॉस्फेट सेल असतील तर १४.६, त्याहून जास्त नाही. अ‍ॅसिडच्या चार्जरमध्ये "बूस्ट" किंवा "इक्वलाइझ" असतं, ते १५.५ व्होल्टच्या आसपास नेतं. लिथियमला ते चालत नाही. चार्जरचे अँपिअर बॅटरीच्या कागदावरच्या कमाल आकड्याच्या आत हवेत.

दुसरं, चार्जरच्या तारा बीएमएसनं ठरवून दिलेल्या टोकांवरच जोडा. आणि बीएमएस आहे म्हणून चार्जर कसाही चालेल, असं समजू नका. बीएमएस म्हणजे क्वार्टर गार्ड. तो शेवटच्या क्षणासाठी उभा असतो. त्याला रोज गोळीबार करायला लागत असेल, तर चूक फाटकाबाहेर आहे.

तिसरं, फ्यूज. बॅटरीच्या प्लस टोकापासून वीतभर अंतराच्या आत. फ्यूज चार्जरपेक्षा मोठा आणि तारेच्या ताकदीपेक्षा लहान. २० अँपिअरचा चार्जर असेल तर ६ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार आणि ३० अँपिअरचा फ्यूज. लक्षात ठेवा, फ्यूज चार्जरसाठी नसतो, तारेसाठी असतो. मधेच तार घासून शॉर्ट झाली तर बॅटरी शेकडो अँपिअर ओकते आणि तार निखारा होते. घरच्या स्विचबोर्डातला एमसीबी इथे लावू नका. घरचा प्रवाह सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो म्हणून त्याची ठिणगी विझते. बॅटरीचा प्रवाह शून्यावर येतच नाही, ठिणगी जळतच राहते. त्यामुळे डीसी लिहिलेलाच फ्यूज किंवा ब्रेकर घ्या.

चौथं, सांधा. पीळ आणि टेप हा सांधा नाही. लग दाबून बसवा, नट घट्ट करा, अर्ध्या तासानं हात जवळ नेऊन बघा. सांधा गरम लागला तर तो ढिला आहे. उलटी जोडता येणार नाही असाच कनेक्टर वापरा. अंधारात, दमलेल्या अवस्थेत माणूस लाल-काळा ओळखत नाही.

पाचवं, क्रम. अंगठी, घड्याळ काढा. मीटरनं प्लस-मायनस तपासा. आधी बॅटरी जोडा, मग चार्जरचं बटण चालू करा. काढताना आधी बटण बंद. आणि जागा: झोपायच्या खोलीत नाही, दाराच्या वाटेवर नाही, जिन्याखाली नाही. धूर दिसला तर वीज तोडा, माणसं बाहेर काढा. आमच्या नाईकासारखा डबा उचलायला जाऊ नका. लहान सिलिंडरनं ज्वाळा बसते, आतली उष्णता जात नाही. त्याला भरपूर पाणी आणि अग्निशमन दल लागतं.

एवढीच कवायत आहे. दहा मिनिटांत शिकवून होते.

मग ती का होत नाही? कारण आपण बॅटरी एका निविदेतून घेतो, चार्जर दुसऱ्या, तार तिसऱ्या. प्रत्येक ठिकाणी सगळ्यात स्वस्त. तिन्ही वस्तू आपापल्या कागदावर पास होतात. त्या एकमेकींशी जुळतात का, हे तपासणं कोणाच्याच यादीत नसतं. बाहेरही तेच. सप्टेंबर २०२२ मध्ये सिकंदराबादला तळमजल्यावर ई-स्कूटरचं दालन आणि वर हॉटेल अशा इमारतीत आग लागली, ८ माणसं गेली. त्या वर्षीच्या आगींनंतर सरकारनं वाहनांच्या बॅटऱ्यांसाठीचं एआयएस १५६ हे मानक कडक केलं, डिसेंबरपासून टप्प्याटप्प्यानं लागूही केलं. चांगलं झालं. पण ते मानक कारखान्यातून निघणाऱ्या गाडीला. चौकातल्या मिस्त्रीच्या काळ्या टेपला कोणतं मानक?

माझी मागणी साधी आहे. जिथे माझं चालतं तिथे मी ती अमलात आणली आहे. बॅटरी आणि चार्जर ही एकच वस्तू समजा. एक नग म्हणून मागवा, एक नग म्हणून तपासा, एक नग म्हणून ताब्यात द्या. चार्जर नसलेली लिथियम बॅटरी माझ्या युनिटच्या स्टोअरमध्ये आत येत नाही. क्वार्टरमास्टर वैतागतो. वैतागू दे.

त्या टपरीवर दुसऱ्या दिवशी मी मीटर घेऊन गेलो. रिक्षा उभीच होती. बॅटरीच्या खोक्यावर आत १५ सेल असल्याचं लिहिलं होतं, चार्जर दाखवत होता ५९.२. मिस्त्रीला आकडे जमिनीवर खडूनं लिहून दाखवले. तो बराच वेळ बघत राहिला. मग रिक्षावाल्यानं विचारलं, "साहब, ये रात को आँगन में चार्ज होता है। बच्चे वहीं सोते हैं। कुछ होगा तो नहीं?"

आज नाही, असं उत्तर मी देऊ शकलो असतो. ते खरंही ठरलं असतं. मी त्याला चार्जर बदलायला लावला.

तुमच्या घरी इन्व्हर्टरला, सायकलीला, स्कूटरला लिथियम बॅटरी असेल तर आज रात्री चार्जर उलटा करून त्याच्या पाठीवरचा आकडा वाचा. बॅटरीच्या आकड्याशी जुळवा. जुळत नसेल आणि घरातलं कोणी म्हणालं, "अहो, चालतंय की", तर त्यांना सांगा, आमचंही सात आठवडे चाललं होतं.