दानाची दोरी कोणाच्या हातांत?

दान म्हटलें कीं आमच्या लोकांच्या डोळ्यांपुढें पंक्तीला बसलेला भिक्षुक उभा राहतो, आणि पंगत उठल्यावर उष्ट्या पत्रावळींकडे धांवणारीं गोरगरिबांचीं पोरें. श्रावणमासांत पुण्यास पेशव्यांची दक्षिणा वर्षानुवर्षें वाटली गेली. तिनें एका तरी कुणब्याचें कर्ज फिटलें काय? एक तरी पाणवठा अस्पृश्यांना मोकळा झाला काय? दान उदंड झालें आणि दारिद्र्य जागच्या जागीं राहिलें. कारण त्याच्या मुळाला हात घालण्याचा दात्यांचा हेतूच नव्हता.

आज आम्ही ज्या दानाविषयीं लिहीत आहों तें अमेरिकेंतलें आहे. गुलामांना मुक्त करणाऱ्या त्या देशाच्या लोकांना जोतीरावांनीं १८७३ सालीं आपलें 'गुलामगिरी' हें पुस्तक अर्पण केलें. तेव्हां तिकडच्या गरिबांचें काय चाललें आहे हें विचारण्याचा सत्यशोधकांना हक्क आहे.

तेथील कॅथॉलिक बिशपांनीं १९६९ सालीं दारिद्र्याविरुद्ध एक राष्ट्रीय निधि उभारण्याचा ठराव केला. त्याला पुढें 'कँपेन फॉर ह्यूमन डेव्हलपमेंट' असें नांव पडलें. नोव्हेंबर १९७० मध्यें, थँक्सगिव्हिंगच्या आधींच्या रविवारीं, देशभरच्या चर्चांतून पहिली वर्गणी गोळा झाली. जमलेल्या पैशांपैकीं चौथा हिस्सा त्या त्या धर्मप्रांतांत ठेवावा, बाकीचा राष्ट्रीय निधींत जावा, अशी व्यवस्था ठरली.

वाचकहो, यांत नवल तें काय? चर्च वर्गणी गोळा करीतच असतें! नवल आहे तें खर्चाच्या नियमांत. हा पैसा अन्नछत्रांसाठीं नाहीं, कांबळीं वाटण्यासाठीं नाहीं. गरिबांनीं स्वतः संघटित होऊन आपल्या दुःखाचें कारण दूर करावें, यासाठीं तो आहे. आणि ज्या संस्थेला मदत द्यावयाची तिच्या कारभारांत त्याच गरीब लोकांचा आवाज असला पाहिजे, ही अट! भुकेल्याला कालवणांत मीठ किती घालावें हें विचारणारा दाता आम्हीं तरी येथें क्वचितच पाहिला आहे.

असें दान काय करूं शकतें याचें उदाहरण टेक्सासमधील सॅन अँटोनियो शहर. या शहराच्या पश्चिम भागांत मेक्सिकन वंशाच्या मजुरांची वस्ती. पाऊस पडला कीं रस्त्यांचे ओढे होत, घरांत पाणी शिरे; गटारांच्या योजना मात्र बरींच वर्षें कागदांवर निजलेल्या. १९७४ सालीं तेथल्या चर्चांतील साध्या बायाबापड्यांनीं 'कॉप्स' नांवाची संघटना उभारली. अशाच संघटनांच्या मागें हा निधि उभा राहिला. या लोकांनीं नगरसभेला अर्ज करून हात जोडले नाहींत. ते शेंकड्यांनीं सभेंतच जाऊन बसले आणि हिशेब मागूं लागले. १९७५ सालीं तर त्यांनीं एका मोठ्या बँकेच्या खिडक्यांपुढें रांगा लावून चिल्लर बदलून घेण्याचा असा सपाटा लावला कीं बँकेचा नित्याचा व्यवहार अडला. कायद्याचा एकहि नियम मोडला नाहीं, पण शेटजींचे डोळे उघडले. गटारें झालीं. हजार वर्षें भाकरी वाटली असती तरी झालीं नसतीं!

पण गरीब माणूस जोंवर जेवतो तोंवर दात्याला तो गोड वाटतो. बोलूं लागला कीं त्याच्यांत दोष दिसूं लागतात. या निधीविरुद्ध आरडाओरड पहिल्यापासूनच होती. धर्माचा पैसा राजकारणाला कशाला, हा प्रश्न. (गटाराला धर्म कोणता, हें मात्र कोणी सांगत नाहीं.) २००८ सालीं 'एकॉर्न' या मोठ्या संस्थेंत सुमारें दहा लाख डॉलरांची अफरातफर होऊन ती अनेक वर्षें झांकून ठेवल्याचें उघड झालें, तेव्हां बिशपांनीं तिची मदत थांबविली. तें योग्यच केलें. गरिबांच्या पैशाचा चोर हा गरिबांचाच चोर.

परंतु पुढें काय झालें? २०१० सालीं नियम आवळले गेले आणि चोरीऐवजीं सोंवळेंओंवळें तपासण्यास सुरवात झाली. कोलोराडोच्या नैर्ऋत्य कोपऱ्यांत 'कोंपान्येरोस' नांवाची लहानशी संस्था परदेशांतून आलेल्या मजुरांना मदत करी. २०१२ सालीं तिची तीस हजार डॉलरांची मदत धोक्यांत आली. अपराध कोणता? स्थलांतरितांच्या हक्कांसाठीं झटणाऱ्या ज्या प्रांतिक संघाची ती सभासद होती, त्या संघांत समलिंगी स्त्रीपुरुषांच्या हक्कांची एक संस्थाहि सामील झाली होती. संघ सोडा, नाहींतर पैसे सोडा! ज्याच्या पंक्तीला परका बसला त्याला जातीबाहेर टाकावयाचें, हा न्याय आमच्या परिचयाचा आहे. त्याची पोथी पुण्यास लिहिली काय आणि वॉशिंग्टनला लिहिली काय, भिक्षुकशाही ती भिक्षुकशाहीच.

धर्मसंस्थेनें आपल्या शिकवणीविरुद्ध खर्च करूं नये, असें तिचे कैवारी म्हणतील. कबूल. पण त्या मजुरांनीं तो पैसा कशावर खर्च केला हें पाहिलें गेलें नाहीं. ते कोणाशेजारीं बसले हें पाहिलें गेलें. आणि शेजार निवडण्याचें स्वातंत्र्य नसलेल्या माणसाला स्वावलंबी म्हणणें ही थट्टा आहे. दुबळ्याला बळ एकीनेंच येतें, आणि ही अट एकीवरच घाव घालते.

छत्रपति शाहू महाराजांनीं १९०२ सालीं करवीर दरबारच्या नोकऱ्यांपैकीं निम्म्या जागा मागासलेल्यांसाठीं राखल्या. मागासलेल्यांना केवळ जेवूं न घालतां त्यांच्या हातीं लेखणी आणि अधिकार दिला. म्हणूनच त्या हुकुमावर एवढा गहजब उठला. अन्नछत्रावर कधीं उठल्याचें आम्हीं ऐकलें नाहीं. अमेरिकन बिशपांच्या १९६९ च्या ठरावाचें मोल आम्ही याच कारणासाठीं मानतों, आणि याच कारणासाठीं त्यांना जाब विचारतों. ज्या धर्मप्रांतांत संस्था असेल तेथल्या बिशपाची संमति मिळाल्याखेरीज आजहि तिला राष्ट्रीय निधींतून मदत मिळत नाहीं. संस्थेच्या कारभारांत गरीब हवेत, मग निधीच्या वांटपांत कां नकोत? सॅन अँटोनियोच्या ज्या बायांनीं नगरसभेचा हिशेब तपासला त्यांना निधीचा हिशेब कळणार नाहीं काय? त्यांच्यासारख्यांना वांटपाच्या मंडळांत निम्म्या जागा द्या आणि मदत बंद करावयाची असेल तर ती त्यांच्यासमोर, कारण सांगून, त्यांचें मत घेऊन बंद करा.