स्वस्त वृत्तपत्र आणि फुकटची बातमी

वर्तमानपत्र स्वस्त झाले त्या दिवसापासून वाचन बिघडले, असे विधान आमच्या सुशिक्षित मंडळींत हल्ली वारंवार ऐकू येते. पुसदसारख्या गावी आमची कॅथोलिक कुटुंबे मोजकीच. रविवारच्या मिस्सानंतर सारी एकमेकांशी दोन शब्द बोलून मगच घरी जातात. तेथेही हे विधान परवा ठासून मांडले गेले. एकोणिसाव्या शतकात छापखान्यांनी दर पाडले, त्याबरोबर बाजारू मजकूर घरात शिरला आणि आजचा मोबाइल हे त्याचेच नातवंड, असा एकूण युक्तिवाद. आम्हांला तो मान्य नाही. दोष स्वस्ताईवर ढकलला की आपण सुटतो, म्हणून तो लोकांना आवडतो, असा आमचा संशय आहे.

बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत निघाले. एक रकाना इंग्रजी, एक मराठी. ते मूठभर शिकलेल्यांचे पत्र होते आणि १८४० साली बंद पडले. त्याच १८३२ च्या ऑगस्टमध्ये पोप सोळावे ग्रेगरी यांनी आपल्या विश्वपत्रात मुद्रणस्वातंत्र्याचा निषेध केला होता, हेही आपण कॅथोलिकांनी लपवू नये. छापील कागद सर्वांच्या हाती गेला तर काय होईल, ही धास्ती आपल्याकडे जुनी आहे.

काय झाले, ते पाहू. १ जानेवारी १८७७ रोजी कृष्णराव भालेकरांनी पुण्यात ‘दीनबंधु’ काढले. त्यांना ते पुढे चालविता येईना, तेव्हा १८८० साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी ते मुंबईस नेले. शेतकरी आणि गिरणीकामगार यांची गाऱ्हाणी मांडणारे ते पत्र. ज्यांच्याविषयी ते लिहिले जाई त्यांतील बहुतेकांना अक्षरओळख नव्हती. एकाने वाचावे आणि दहांनी ऐकावे, हीच तेव्हाची रीत. १८८४ साली लोखंड्यांनी साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज सरकारी आयोगापुढे ठेवला आणि १८९० च्या जून महिन्यात मुंबईच्या गिरण्यांना रविवारची सुट्टी मिळाली. प्रभूचा दिवस पाळण्याची मोकळीक गिरणीतल्या ख्रिस्ती कामगाराला मिळाली, तीत एका गरीब पत्राच्या संपादकाचाही वाटा आहे. स्वस्ताईला नावे ठेवताना एवढे तरी आठवावे.

आणि आमचे पुसद? आगगाडी अकोला-बडनेऱ्यावरून १८६७ साली नागपुरास पोहोचली, पण पुसद रुळांपासून दूरच राहिले. १९०५ पर्यंत ते यवतमाळ जिल्ह्यातही नव्हते, वाशीम जिल्ह्यात होते. वऱ्हाडात अकोल्याहून ‘वऱ्हाड समाचार’ निघू लागले, पुण्याहून ४ जानेवारी १८८१ पासून ‘केसरी’ निघू लागला, पुढे १९१८ साली यवतमाळहून साप्ताहिक ‘लोकमत’ सुरू झाले. १० जुलै १९३० रोजी लोकनायक बापूजी अण्यांनी पुसदला जंगल सत्याग्रह केला, तेव्हा माणसे जमली. दूरच्या घटनेशी आपलाही संबंध आहे, ही जाणीव त्यांच्यात अर्धशतकाच्या स्वस्त कागदाने रुजविली होती, असे आम्ही मानतो.

तेव्हा दर कमी होणे हे पाप नव्हे. मात्र कमी केलेला दर दुसरे कोणी तरी भरतच असते, हे तेवढेच खरे. ३ सप्टेंबर १८३३ रोजी न्यूयॉर्कला बेंजामिन डे यांनी ‘सन’ हे पत्र एका सेंटला विकायला काढले; इतर पत्रे तेव्हा सहा सेंटांना मिळत. उरलेला खर्च जाहिरातदारांनी उचलला, आणि जाहिरातदाराला हवी होती गर्दी. ऑगस्ट १८३५ मध्ये याच पत्राने चंद्रावर वटवाघळासारखे पंख असलेली माणसे दिसल्याची लेखमाला छापली, तीही सर जॉन हर्शेल या नामवंत खगोलशास्त्रज्ञाच्या नावावर. त्या थापेने कोणाचा जीव गेला नाही, म्हणून आपण हसतो.

पुढचे उदाहरण हसण्याचे नाही आणि परक्याचेही नाही. फ्रान्समध्ये असम्प्शनिस्ट संघाच्या धर्मगुरूंनी जून १८८३ पासून ‘ला क्र्वा’, म्हणजे ‘क्रूस’, हे दैनिक चालविले. किंमत अवघी पाच सांतीम. हेतू उदात्त होता: गरीब कॅथोलिक घरात श्रद्धेचे पत्र जावे. ते गेलेही. पण १८९० साली फ्रान्समधील सर्वांत यहुदीविरोधी कॅथोलिक पत्र म्हणवून घेण्यात त्यास भूषण वाटू लागले. १८९४ साली कॅप्टन आल्फ्रेड ड्रेफस या निरपराध यहुदी अधिकाऱ्यावर देशद्रोहाचा आळ आला, तेव्हा या पत्राने त्याच्याविरुद्ध आणि त्याच्या साऱ्या समाजाविरुद्ध रान उठविले. ड्रेफस निर्दोष ठरला १९०६ साली. त्याआधीच, १९०० मध्ये, पोप तेरावे लिओ यांनी त्या धर्मगुरूंना पत्रातून बाजूला व्हावयास लावले होते. पत्राने त्या काळच्या आपल्या लिखाणाबद्दल जाहीर क्षमायाचना केली ती जानेवारी १९९८ मध्ये, शंभर वर्षांनी. मस्तकावर क्रूस होता, वाचक मिस्साला जाणारे होते, आणि तरीही द्वेष घरपोच झाला. ही लाज आम्ही मुद्दाम सविस्तर लिहिली, कारण ‘आपल्या माणसाने पाठविले आहे’ म्हणून मजकूर खरा मानण्याची खोड आपल्यात आजही आहे.

गेल्या आगमनकाळात जळत्या चर्चचे एक छायाचित्र आमच्यातल्याच एकाने व्हॉट्सॲपवर पाठविले. खाली आपल्याच देशातील एका राज्याचे नाव आणि एका समाजाविरुद्ध दोन जळजळीत वाक्ये. दुपारपर्यंत ते साऱ्या ओळखीत फिरले. चौकशी केली तेव्हा चित्र परदेशातले, कैक वर्षांपूर्वीचे निघाले. पाठविणारे गृहस्थ म्हणाले, आम्ही फक्त पुढे ढकलले. या ‘फक्त’वर आमचा राग आहे. १८८२ साली कोल्हापूरच्या दिवाणांविरुद्धची पत्रे टिळक-आगरकरांनी छापली. ती बनावट ठरली. दोघांनी माफी मागितली आणि तरीही डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. छापणाऱ्याचे नाव-गाव कागदावर होते, म्हणून त्याला जाब विचारता आला. ढकलणाऱ्याला कोण विचारणार? १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळविणारी टोळी आल्याची अफवा मोबाइलवरून फिरत होती. भिक्षेकरी भटक्या जमातीचे पाच जण जमावाने ठेचून मारले. त्यांतील प्रत्येक अफवा कोणी तरी ‘फक्त’ पुढे ढकललेली होती.

फुकटच्या बातमीची किंमत आपण दुसऱ्याच्या जिवाने भरू देतो, आणि ज्या कागदावर संपादकाचे नाव असते त्याची वर्गणी मात्र थकवितो. १९०३ साली फादर हेन्री डोरिंग यांनी सुरू केलेला ‘निरोप्या’ असो, वसईचा ‘सुवार्ता’ असो की हे त्रैमासिक, अशा नियतकालिकांना घरटी हातभार लागत नसेल, तर ‘वाचन बिघडले’ म्हणण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ च्या आदेशात या कामाचा भार केवळ धर्मगुरूंवर ठेवलेला नाही; वाचणाऱ्यावरही ठेवला आहे. महिन्याचा मोबाइलचा भरणा कोणाचा चुकत नाही.

आमची मागणी लहान आहे. पुसदच्या मंडळींनी दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मिस्सानंतर अर्धा तास थांबावे, एकाने एखादा लेख मोठ्याने वाचावा, बाकीच्यांनी ऐकावा आणि भांडावे. महिनाभरात मोबाइलवर आलेला एक तरी संदेश तेथे आणावा आणि तो कोणी लिहिला, केव्हाचा, कोठला, हे सर्वांनी मिळून शोधावे. सापडले नाही तर तो तेथेच पुसून टाकावा. वर्गणीचे पावतीपुस्तकही त्याच टेबलावर असेल. ज्यांची मागील दोन वर्षांची बाकी आहे, त्यांची नावे आम्ही छापणार नाही. ती त्यांना ठाऊक आहेत.