सातवीतलं भावंड, घरातला फोन आणि न वाचलेला धडा

घरात मोबाइलचं काहीही अडलं की आई-बाबा आपल्यालाच हाक मारतात. रिचार्ज, केवायसी, बसचं तिकीट. हल्ली त्यात एक नवी फर्माईश आलीय: "धाकट्याला वाचनाची गोडी लागेल असं एखादं ॲप टाक ना." टाकलं की आपोआप गोडी लागेल, असं ॲप मला तरी माहीत नाही. पण फोन कामाचा आहे, तो कसा ते सांगतो.

हा विषय आत्ता महत्त्वाचा का? डिसेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने शिक्षण हक्क कायद्याखालचे नियम बदलले. पाचवी किंवा आठवीला नापास झालेल्या मुलाची दोन महिन्यांत फेरपरीक्षा, आणि त्यातही नापास झाला तर पुन्हा तोच वर्ग. महाराष्ट्राने असा बदल आधीच, २०२३ मध्ये केला होता. म्हणजे सहावी-सातवीत वाचन कच्चं राहिलं तर ते आठवीत नडणार. 'असर २०२४' पाहणीत ग्रामीण भारतातल्या सरकारी शाळांमधल्या आठवीच्या साधारण ६७ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. उरलेल्यांना तोही नाही! त्याच पाहणीत १४ ते १६ वयाच्या जवळपास ९० टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता.

त्यामुळे आधी अडचण नेमकी कुठे आहे ते बघा. ई-बालभारतीवर पाठ्यपुस्तकांच्या पीडीएफ फुकट मिळतात. धाकट्याच्या इयत्तेचा एक धडा उघडा, एक परिच्छेद मोठ्याने वाचायला सांगा आणि मग पुस्तक बंद करून विचारा, "काय झालं त्यात?" हे पाहुण्यांसमोर नको, आणि "एवढंही येत नाही?" हे वाक्य तर अजिबात नको.

जोडाक्षरांवर अडखळत असेल तर खालून सुरुवात करा. प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर'वर मराठी गोष्टी चार पातळ्यांमध्ये लावलेल्या आहेत आणि त्या डाउनलोडही करता येतात. रोज दहा मिनिटं, मोठ्याने. सातवीच्या पोराला चित्रांचं पुस्तक वाचायची लाज वाटते, हे मान्य. मग त्याच्याकडून लहान चुलत भावंडासाठी ती गोष्ट रेकॉर्ड करून घ्या आणि व्हॉइस मेसेज म्हणून पाठवा. स्वतःचा आवाज ऐकला की पोरं न सांगता दुसरा टेक घेतात, म्हणजे तोच परिच्छेद पुन्हा वाचतात. गाण्यांचे शब्द दिसणारे व्हिडिओही लावा. जी भाषा ऐकतोय त्याच भाषेत शब्द दाखवायचे, ही कल्पना ब्रिज कोठारी १९९६ पासून मांडत आले आहेत.

घडाघडा वाचतो पण सांगता काहीच येत नाही, ही दुसरी तऱ्हा. माझ्या मते ही जास्त फसवी, कारण घरच्यांना वाटतं सगळं ठीक आहे. इथे शब्दसंग्रह आणि चिकाटी कमी पडते. बालभारतीच्या 'किशोर' मासिकाचे १९७१ पासूनचे जुने अंक ऑनलाइन मोफत आहेत. त्यातलं काय वाचायचं ते त्याला निवडू द्या, मग ते क्रिकेट असो, भुतं असोत की विज्ञान. अडलेला शब्द आधी वाक्यावरून ओळखायचा, नाहीच जमलं तर फोनवर शोधायचा.

चॅटबॉटकडून धड्याचा सारांश मागणं आता सगळ्यांना जमतं. पण सारांश वाचून धडा वाचल्यासारखं होत नाही. त्यापेक्षा उलट करा. धडा आधी वाचू दे, मग बॉटला त्यावर पाच प्रश्न विचारायला सांगा. प्रश्न धड्यातलेच आहेत ना, ते मात्र तुम्ही तपासा. बॉट कधीकधी धड्यात नसलेलंही ठोकून देतो.

राहिले आई-बाबा. "आमचंच शिक्षण कमी, आम्ही काय शिकवणार?" असं ते म्हणतील. पण शिकवायचं नाहीच आहे, ऐकायचं आहे. भाकऱ्या थापताना "मग पुढे काय झालं?" आणि "तो असं का वागला?" एवढं विचारायला शिक्षण लागत नाही. उत्तर द्यायचं तर पोराला धडा कळलेलाच लागतो.

तुमचं काम एवढंच: रविवारी वायफायवर आठवड्याचं वाचन डाउनलोड करून ठेवा आणि त्या दहा मिनिटांपुरता फोन एअरप्लेन मोडवर टाका. नाहीतर दुसऱ्या ओळीवर रील्सची नोटिफिकेशन येतेच.