तेशिमा बेट आणि गांडुळांचा परवाना

जपान म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर टोकियोच्या उंच इमारती आणि वाऱ्यासारखी पळणारी आगगाडी येते. आज आम्ही तुम्हाला जपानच्या ज्या कोपऱ्यात नेणार आहोत तिथे आगगाडी नाही. तिथे बोटीनेच जावे लागते. बेटाचे नाव तेशिमा. क्षेत्रफळ अवघे साडेचौदा चौरस किलोमीटर, आणि वस्ती आता आठशेच्याही आत.

जपानच्या तीन मोठ्या बेटांच्या मधोमध सेतो नावाचा शांत समुद्र आहे. त्यात लहानमोठी शेकडो बेटे विखुरलेली आहेत. तेशिमा त्यांपैकी एक, शोदोशिमा आणि नाओशिमा या दोन बेटांच्या मध्ये. सरकारदरबारी ते कागावा प्रांतात मोडते. प्रांताची कचेरी समुद्रापलीकडे ताकामात्सु शहरात. हा प्रांत आपल्या जिल्ह्यासारखा नव्हे; त्याला स्वतःची विधानसभा आणि लोकांनी निवडून दिलेला गव्हर्नर असतो. हे ध्यानात ठेवावे, पुढे लागणार आहे.

बेटाच्या मधोमध ३४० मीटर उंचीचा दान्यामा डोंगर आहे. सेतो समुद्राच्या भागात पाऊस कमी, त्यामुळे बहुतेक बेटांवर पाण्याची ओरड. तेशिमाच्या डोंगरात मात्र पाणी मुरते आणि झऱ्यांतून बाहेर येते. म्हणून इथे उतारावर पायऱ्या-पायऱ्यांची भातखाचरे झाली. तेशिमा या नावाची चिनी अक्षरेच 'समृद्ध बेट' अशी वाचता येतात. इएउरा, कारातो आणि कोउ या तीन वस्त्या. मासेमारी, भातशेती, संत्री, दुभती जनावरे, आणि मऊ दगडाचे दिवे व चुली घडवण्याचा जुना धंदा, यावर लोकांचे पोट. दुसऱ्या महायुद्धानंतर समाजसेवक तोयोहिको कागावा यांच्या प्रेरणेने इथे अनाथ बालकांसाठी घर निघाले. दूध आणि सेवा यांसाठी बेटाचा लौकिक झाला. अशा या बेटाला पुढे जपानभर 'कचऱ्याचे बेट' म्हणू लागले. ते कसे झाले, हीच आजची हकिकत.

बेटाच्या पश्चिम टोकाला एका कंपनीची जमीन होती. मालकाने तिथली वाळू खणून विकली. १९७५ साली त्याने घातक औद्योगिक कचऱ्यावर प्रक्रिया करण्याचा परवाना मागितला. बेटावरच्या जवळपास साऱ्या लोकांनी विरोध केला. सह्या झाल्या, मोर्चे झाले, १९७७ साली लोक कोर्टात गेले. गव्हर्नरसाहेबांचे म्हणणे असे की मालकालाही पोट आहे, विरोध करणे हा बेटकऱ्यांचा स्वार्थ झाला. मग मालकाने अर्ज बदलला. आता म्हणे गांडुळे पाळायची! कागद आणि अन्नपदार्थांच्या कारखान्यांतला निरुपद्रवी गाळ आणायचा, तो गांडुळांना खायला घालायचा, आणि खत करायचे. १९७८ साली परवाना मिळाला. कोर्टात तडजोड झाली. गांडुळाला कोण विरोध करणार?

गांडुळे थोडी वर्षे राहिली. त्यांच्या आडून बोटी भरभरून दुसराच माल येऊ लागला. मोडीत काढलेल्या मोटारी यंत्रात दळून लोखंड काढून घेतले की प्लास्टिक, रबर, तारा, तेल यांचा जो भुगा उरतो तो. शिवाय टाकाऊ तेल आणि कारखान्यांचा गाळ. हे सारे उघड्यावर जाळले जाई. काळा धूर वस्तीवर येई, लोकांना खोकला धरे, मुलांना दम लागे. बेटाचे नाव खराब झाले आणि तिथल्या मालाकडे गिऱ्हाईक पाठ फिरवू लागले.

लोकांनी प्रांताच्या कचेरीत तक्रारी केल्या. कचेरीचे अधिकारी आले नाहीत असे नव्हे. शंभराहून अधिक वेळा येऊन पाहणी करून गेले. पण कागदोपत्री उत्तर ठरलेले : हा कचरा नव्हेच, यातून धातू काढायचा आहे, मालकाने तो पैसे देऊन विकत घेतला आहे, म्हणजे तो 'माल' झाला. खरी गोष्ट अशी की मालक भुगा नाममात्र किमतीला विकत घेतल्याचे दाखवी आणि वाहतूक खर्च म्हणून त्याहून कितीतरी जास्त रक्कम कारखान्यांकडून घेई. आम्ही स्वतः कारकुनी करतो, म्हणून या जागी थोडे थांबलो. फाईलीत एका शब्दाच्या जागी दुसरा शब्द बसला की डोळ्यांसमोरचा डोंगरही दिसेनासा होतो, हे आमच्या टेबलावर रोजचेच आहे.

अखेर नोव्हेंबर १९९० मध्ये धाड पडली. ती घातली शेजारच्या ह्योगो प्रांताच्या पोलिसांनी, कागावाच्या नव्हे. मालकाला पुढच्या वर्षी शिक्षा झाली. कैद दहा महिन्यांची, तीही स्थगित. कंपनीला दंड पाच लाख येन. आणि कचरा? तो तिथेच राहिला. थोडाफार हलवला, पण डोंगर तसाच. पुढे १९९५ च्या सरकारी पाहणीत सुमारे पाच लाख टनांचा अंदाज निघाला, त्यात शिसे, पीसीबी आणि डायॉक्सिन.

आता लढ्याचा खरा भाग. बेटकऱ्यांनी कोहेइ नाकाबो या नामांकित वकिलांना गाठले. जपानच्या वकील संघाचे ते अध्यक्ष राहिलेले. त्यांची अट एकच होती : लढा तुम्ही लढायचा, वकिलावर सोपवून घरी बसणार असाल तर मी येत नाही. लोकांनी ती मानली. नोव्हेंबर १९९३ मध्ये चारशेहून अधिक रहिवाशांनी प्रदूषणविषयक लवादाकडे अर्ज केला. त्यात नुसती कंपनी नव्हती. कचरा पाठवणारे कारखाने होते, आणि डोळेझाक करणारे प्रांत सरकारही होते.

त्याच डिसेंबरात ताकामात्सुच्या कचेरीसमोर उभे राहण्याचा कार्यक्रम सुरू झाला. सकाळची बोट पकडायची, थंडीत दारासमोर फलक घेऊन उभे राहायचे, संध्याकाळी परत. आळीपाळीने माणसे यायची, आणि त्यांत साठी-सत्तरीच्या आजीबाई पुष्कळ. असे दीडशे दिवस. १९९६ साली त्यांनी आपल्या बेटावरचा कचरा टोकियोच्या गिंझा या श्रीमंत बाजारपेठेत नेऊन लोकांना दाखवला. ज्यांच्या मोटारी, त्यांनाच तो भुगा दाखवायचा!

आम्हाला सर्वांत शिकण्यासारखा वाटला तो पुढचा कार्यक्रम. कचरा उचलायचा तर पैसा प्रांताचा, म्हणजे दहा लाख लोकांच्या करातून जाणार. हे लोक म्हणतील, एका बेटासाठी आमचा पैसा का? तेव्हा बेटकऱ्यांनी साऱ्या कागावा प्रांतात शंभर ठिकाणी बैठका ठरवल्या आणि गावोगाव जाऊन आपली कहाणी सांगितली. भाषण ठोकायचे नाही, समोर बसून बोलायचे. कोळी, शेतकरी, घरातल्या बाया, ज्यांनी कधी चारचौघांत तोंड उघडले नव्हते अशी माणसे. १९९९ साली त्यांच्यातलाच एक जण प्रांताच्या विधानसभेवर निवडून गेला.

६ जून २००० रोजी बेटावरच्या शाळेच्या सभागृहात समझोता झाला. गव्हर्नर मानाबे यांनी तिथे येऊन रहिवाशांची माफी मागितली. या एका माफीसाठी लोक किती वर्षे अडून बसले होते! बदल्यात त्यांनी प्रांताकडे मागितलेली नुकसानभरपाई सोडून दिली. पैसा नको, कचरा उचला आणि चुकलो म्हणा, असा सौदा. हे ठरवताना बेटावर वादही झाले असतील. भरपाई सोडणे गरिबाला सोपे नसते.

कचरा दुसऱ्या कुणाच्या दारात टाकायचा नाही, हेही पाहिले गेले. शेजारच्या नाओशिमावर १९१७ पासून तांबे वितळवण्याचा कारखाना आहे. तिथल्या लोकांनी चर्चा करून संमती दिली आणि त्या आवारात भट्टी उभारली. २००३ पासून बोटीने कचरा जाऊ लागला. सुमारे तेराशे अंशांवर वितळवून त्याची खडी झाली, ती सरकारी बांधकामाच्या काँक्रीटमध्ये गेली. तांबे वेगळे काढून विकले. खणता खणता माती धरून आकडा नऊ लाख टनांच्या वर गेला. शेवटची बोट मार्च २०१७ मध्ये निघाली. २०१८ साली आणखी थोडा गाळ सापडला, तोही काढला. मग भूजल साफ करण्याचे काम. ते आणि उरलेली बांधकामे काढणे मार्च २०२३ पर्यंत चालले. एकूण खर्च सात हजार कोटी येनच्या वर. गांडुळांच्या परवान्यावर सही करणाऱ्याला हा आकडा स्वप्नातही दिसला नसेल.

सरकारनेही कचऱ्याचे कायदे कडक केले. २००२ साली मोडीत जाणाऱ्या मोटारींसाठी वेगळा कायदा झाला. नाकाबो आणि प्रसिद्ध वास्तुशिल्पी तादाओ आंदो यांनी २००० साली ऑलिव्ह निधी उभारला. त्यातून सेतो समुद्राच्या काठी झाडे लावली जातात.

पण अर्ज करणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक माणसे शेवटची बोट पाहायला उरली नव्हती. धाड पडली तेव्हा बेटावर दीड हजारांच्या आसपास लोक होते. तरुण शहरात गेले. २०१० साली कारातोच्या भातखाचरांशेजारी कलेचे संग्रहालय उघडले. थेंबाच्या आकाराची पांढरी इमारत, आत जमिनीतून पाणी झिरपत राहते. ते पाहायला जगभरचे लोक येतात, सायकली भाड्याने घेतात, लिंबू आणि स्ट्रॉबेरी खातात. ओस पडलेली काही खाचरे पुन्हा लागवडीखाली आली.

पश्चिम टोकाकडे मात्र फार थोडे पाहुणे वळतात. तिथे त्या कंपनीच्या जुन्या कचेरीत रहिवाशांनी स्वतःचे छोटे संग्रहालय केले आहे. कचऱ्याच्या डोंगराचा एक उभा काप तिथे भिंतीवर लावला आहे. तारा, चिंध्या, रबर, काळी माती, थरावर थर. कुणी कळवून आले तर बेटावरचेच कुणी म्हातारे माणूस सोबत येते आणि कुठली बोट कुठे लागत असे, ते हाताने दाखवते.