डोंगराच्या पोटात कोणी पाहिलं?

ज्वालामुखीचा धडा मी गेली वीस वर्षं शिकवतो आहे. फळ्यावर एक शंकू काढायचा, मधोमध लाल खडूने उभी नळी ओढायची, खाली शिलारसाचा साठा रंगवायचा, की झालं काम. परवा मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, ओळग यार नोड्यार्री?" आत कोणी पाहिलंय? वर्ग हसला, मीही हसलो. उत्तर मात्र माझ्याजवळ नव्हतं.

घरी येऊन वाचायला बसलो, तेव्हा कळलं की प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. कॅरिबियन समुद्रात ग्वादलूप नावाचं फ्रेंच बेट आहे. तिथला ला सूफ्रिएर हा ज्वालामुखी १९७६ साली धुमसू लागला. ताजा शिलारस वर चढतोय की नुसतीच वाफ कोंडली आहे, यावरून शास्त्रज्ञांत कडाक्याचा वाद झाला. अखेर सुमारे सत्तर हजार माणसांना घरदार सोडून जायला लावलं. ती कित्येक महिने बाहेर राहिली. राख उडाली, वाफ उसळली, पण मोठा उद्रेक झालाच नाही. निर्णय घेणाऱ्यांना दोष तरी काय द्यायचा? डोंगराच्या पोटातलं कोणालाच दिसत नव्हतं.

ते पाहण्याची एक वाट आकाशातून आली आहे. अवकाशातले वैश्विक किरण वातावरणाच्या वरच्या थरावर आदळतात आणि त्यातून म्यूऑन नावाचे सूक्ष्म कण जन्माला येतात. तळहात आडवा धरला, तर दर सेकंदाला साधारण एक म्यूऑन त्यातून आरपार जातो. आपल्याला पत्ताही लागत नाही. हे कण खडकातूनही जातात, मात्र खडक जितका जाड आणि घट्ट, तितके पलीकडे कमी पोचतात. म्हणजे डॉक्टर छातीचा फोटो काढतात, तसाच डोंगराचा काढायचा. जिथे पोकळी किंवा हलका दगड, तिथून कण जास्त येणार.

खोलीबरोबर म्यूऑन कसे घटत जातात, याची मोजणी आपल्याच राज्यात कोलारच्या सोन्याच्या खाणीत झाली, हे वाचून मला फार बरं वाटलं. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेची मंडळी तिथे उपकरणं घेऊन उतरली होती. दोन किलोमीटरहून खोल गेल्यावर त्यांना दोन-दोन महिने एकही कण सापडला नाही. २००१ मध्ये ती खाण बंद झाली.

जपानमध्ये हिरोयुकी तनाका आणि सहकाऱ्यांनी आसामा ज्वालामुखीचा असा फोटो घेतला, तो २००७ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी फोटोच्या फिल्मसारखा लेप असलेल्या पट्ट्या वापरल्या. त्यांना वीज लागत नाही. पण पट्ट्या उचलून, धुऊन झाल्यावरच चित्र दिसतं, आणि तेही सगळ्या दिवसांचं मिळून एकच. डोंगर मात्र रोज बदलत असतो. रोजची खबर हवी तर इलेक्ट्रॉनिक्स हवं, आणि त्याला वीज हवी. डोंगराच्या उतारावर विजेची तार कोण नेणार?

खरी कसोटी इथेच आहे. आडवे येणारे म्यूऑन मुळातच थोडे, त्यामुळे यंत्र आठवडेच्या आठवडे, कधी महिनोन्‌महिने एका जागी बसवावं लागतं. ला सूफ्रिएरच्या अंगावर पुढे अशी यंत्रं बसली. एकेकाची भूक जुन्या साठ वॉटच्या बल्बपेक्षाही कमी, सौर पॅनेलवर चालणारी. इटलीतल्या व्हेसुव्हियसवरही असाच प्रयोग चालतो. तिथे प्लास्टिकच्या पट्ट्यांतून म्यूऑन गेला की बारीकशी चमक उठते. ती तंतूवाटे सिलिकॉनच्या चिमुकल्या संवेदकापर्यंत जाते. पूर्वीच्या काचेच्या नळ्यांना हजाराच्या घरात व्होल्ट लागत, याला शंभराच्या आतले पुरतात. एकामागे एक ठेवलेल्या थरांत एकाच क्षणी चमक दिसली, तरच तो कण धरायचा, नाहीतर सोडून द्यायचा.

ला सूफ्रिएरच्या घुमटात वाफ आणि पाणी यांची होणारी हालचाल या यंत्रांनी टिपली आहे. १९७६ साली हीच माहिती हवी होती. तरी जपूनच बोलायला हवं. यंत्र उतारावर बसून आडवं किंवा वर बघतं, त्यामुळे त्याला डोंगराचा वरचा भाग तेवढा दिसतो. कित्येक किलोमीटर खालचा शिलारसाचा साठा त्याच्या आवाक्याबाहेर आहे. उद्रेकाची तारीखही ते सांगू शकत नाही. भूकंपमापक, वायूंची मोजणी आणि त्यांच्या जोडीला हे, असा सगळा संसार आहे.

दुसऱ्या दिवशी वर्गात पुन्हा तोच शंकू काढला. वरची नळी ठळक ओढली, खालचा साठा मात्र तुटक रेघेने काढला. मागच्या बाकाकडे पाहून म्हणालो, "म्यालिंदष्ट नोड्यार, केळगिंद इन्नू नोडिल्ल." वरचं तेवढं पाहिलंय, खालचं अजून नाही.

या वेळी वर्ग हसला नाही. पोरानं वहीतली आपली रेघ खोडली आणि तुटक काढली.