परिचारिकांचें वेतन हें सरकारचें देणें

नारायणगांवच्या टोमॅटो बाजारांत माल उतरला कीं हमाली ठरल्या दरानें चुकती करावी लागते. "वरून रक्कम आली म्हणजे देऊं," असें हमालांस सांगणारा आडत्या तेथें एक हंगामही टिकणार नाहीं. जो व्यवहार व्यापाऱ्यास लांछनास्पद, तोच सरकार कंत्राटी परिचारिकांशीं करीत आहे, आणि गांवोगांवचे प्रतिष्ठित लोक त्याविषयीं मौन धरून आहेत, हें आम्हांस खेदानें लिहावें लागत आहे.

राष्ट्रीय आरोग्य अभियानाचा खर्च महाराष्ट्रांत केंद्रानें शेंकडा 60 व राज्यानें शेंकडा 40 असा सोसावयाचा आहे. त्यांतून नेमलेल्या परिचारिकेस मिळतें तें मानधन. एका बाजूचा हप्ता अडला कीं तेंही अडतें. शेजारीं तेंच काम करणाऱ्या कायम परिचारिकेस वेतनश्रेणी आहे, हिला मात्र मुदत संपण्याची धास्ती. 10 वर्षें सेवा झालेल्या कंत्राटी कर्मचाऱ्यांस सामावून घेण्याचा शासननिर्णय 14 मार्च 2024 रोजीं निघाला. पण त्याच्या अंमलबजावणीसाठीं ऑगस्ट 2025 मध्यें त्यांस संपावर जावें लागलें. लेखी वचन पाळून घेण्यासाठीं संप करावा लागावा, यांत शोभा कोणाची?

तिजोरींत पैसा कोठें आहे, असा प्रश्न येईल. 2017 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणानें राज्यांनीं 2020 पर्यंत अंदाजपत्रकाच्या शेंकडा 8 हून अधिक रक्कम आरोग्यावर खर्चावी असें सांगितलें होतें. महाराष्ट्रानें तो टप्पा गांठला नाहीं. शिवाय न दिलेलें वेतन वांचत नाहीं. अनुभवी परिचारिका शहरांत वा परदेशीं जाते, आणि जुन्नर-आंबेगांवच्या डोंगरपट्ट्यांतील सर्पदंशाच्या रोग्यास वा अडलेल्या बाळंतिणीस रातोरात पुण्यास न्यावें लागतें. तो खर्च गरिबाच्या माथीं बसतो, इतकेंच.

रमाबाई रानडे यांनीं 1909 सालीं स्थापिलेल्या पुण्याच्या सेवासदनानें स्त्रियांस परिचर्येचें शिक्षण देवविलें, तेव्हां हा व्यवसाय कुलीन स्त्रियांस शोभत नाहीं असें म्हणणारे पुष्कळ होते. तो पूर्वग्रह मावळला. पण सेवाभावाची स्तुति करून वेतनाची उणीव झांकण्याची खोड गेली नाहीं. 12 मे रोजीं परिचारिका दिनीं फुलें द्यावयाचीं, आणि महिनाअखेर हात रिकामे ठेवावयाचे!

खासगी रुग्णालयांचे चालकही यांतून सुटत नाहींत. सर्वोच्च न्यायालयाच्या 2016 च्या निर्देशानें नेमलेल्या समितीनें 50 खाटांच्या आंतील रुग्णालयांतही परिचारिकेस दरमहा किमान 20,000 रुपये द्यावेत अशी शिफारस केली होती. आपल्या पेठेंतील किती रुग्णालयें ती पाळतात, हें वाचकांनींच विचारून पाहावें.

आमची मागणी सरळ आहे. केंद्राचा हप्ता येवो वा न येवो, राज्यानें आपल्या तिजोरींतून वेतन वेळेवर द्यावें आणि हिशेब मागाहून केंद्राशीं करावा. 2024 चा निर्णय पुरा अमलांत आणावा. नारायणगांवच्या व्यापाऱ्यांनीं व ग्रामसभेनें तसा ठराव करून आमदारांच्या हातीं द्यावा. रुग्णालयाच्या भिंतीवर देणगीदार म्हणून नांव कोरण्यापेक्षां या ठरावाखालची सही गांवाच्या अधिक उपयोगीं पडेल.