हौस आणि हौदा

सुटीचा हंगाम आला की मुंबई-पुण्याकडील अनेक कुटुंबे राजस्थानची वाट धरतात. जयपूरला गेल्यावर आमेरच्या किल्ल्यावर हत्तीवरून चढणे हा तर त्या प्रवासाचा जणू एक विधीच होऊन बसला आहे. सूरजपोलातून डुलत डुलत जलेब चौकात शिरताना घटकाभर राजेपणाचा भास होतो. परंतु या घटकाभराच्या हौसेची किंमत कोण मोजतो, हा प्रश्न आता टाळता येण्याजोगा राहिलेला नाही.

हत्ती हा घोड्या-बैलाप्रमाणे पिढ्यान्‌पिढ्या माणसाळत आलेला प्राणी नव्हे. बंदिवासात त्याची वीण क्वचितच होते. म्हणून पूर्वापार तो रानातून धरून, उपाशी ठेवून आणि अंकुशाच्या धाकाने वाकविला जात आला आहे. त्याचा देह अवाढव्य दिसला, तरी त्याच्या कण्यावरील हाडांचे उंचवटे वर आलेले असतात आणि हौद्याचा भार नेमका तेथेच पडतो. मऊ मातीसाठी घडलेले त्याचे तळवे तापलेल्या फरसबंदीवर झिजतात. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या 2018 मधील पाहणीत आमेरच्या काही हत्तींना क्षयरोगाची लागण झाल्याचे आढळले. 2024 च्या फेब्रुवारीत किल्ल्यातच एका हत्तिणीने एका रशियन पर्यटक स्त्रीस सोंडेने धरून आपटले व तिचा पाय मोडला. अशा प्रसंगी आपण जनावर बिथरले असे म्हणून मोकळे होतो. ते का बिथरले, हे विचारीत नाही.

कायद्याची भूमिकाही दुटप्पी आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हत्तीस सर्वोच्च संरक्षण आहे. 2010 मध्ये तो राष्ट्रीय वारसा प्राणी ठरला. असे असता 2022 च्या दुरुस्तीने पाळीव हत्ती ‘धार्मिक अथवा अन्य कोणत्याही’ प्रयोजनार्थ हस्तांतरित करण्यास वाट मोकळी करून दिली. वारसा म्हणून गौरवावयाचे आणि पाठ मात्र भाड्याने द्यावयाची, ही विसंगती नव्हे काय?

यावर माहुतांच्या पोटाचा प्रश्न पुढे केला जातो आणि तो खोटा नाही. 2020 मध्ये महामारीने सवाऱ्या थांबल्या तेव्हा माहूत आणि हत्ती दोघांचीही उपासमारीशी गाठ पडली. शिवाय हे हत्ती आता रानात सोडून देता येणार नाहीत. म्हणूनच नुसत्या बंदीचा पुकारा आम्हांस अपुरा वाटतो. सवारीसाठी नवा हत्ती आणू नये. वृद्ध व रुग्ण हत्तींना प्रथम, इतरांना क्रमाक्रमाने मोकळे करावे. आमेरजवळच्या हत्तीगावात त्यांचा सांभाळ व्हावा आणि माहुतांना त्याच कामाचे नियमित वेतन किल्ल्याच्या प्रवेशशुल्कातून मिळावे. ऑगस्ट 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माथेरानच्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला, तेव्हा त्या ओढणाऱ्यांच्या हाती ई-रिक्षा देण्याचा मार्गही दाखविला. अनिष्ट प्रथा मोडताना माणूस मोडू नये, हेच त्यातील मर्म आहे.

मात्र सरकार जागे होईपर्यंत आपण हौद्यात बसून राहावे, असा याचा अर्थ नाही. आमेरला पायवाट आहे, जीपगाडीही जाते. गणरायाचे मुख ज्याच्या रूपाने आपण पूजितो, त्याच्या पाठीवरून उतरण्यास आपल्याला कायद्याची आज्ञा लागावी काय?